नानासाहेब गव्याचे एकवीस धडे

मुलांनो, मांडी घालून बसा. मागच्या रांगेत ज्याला खाजवायचं असेल त्यानं आत्ताच खाजवून घ्या. गोष्ट सुरू झाली की चुळबुळ चालणार नाही.

तर डोंगराच्या कुशीत एक जंगल होतं. कुठलं ते विचारू नका, तिथल्या प्राण्यांना राग लवकर येतो. जंगलात करवंदीच्या जाळ्या होत्या, मोठमोठे कातळ होते, खाली पाणवठा होता. आणि तिथे नानासाहेब राहत होते.

नानासाहेब म्हणजे गवा. काळेभोर, खांद्यावर उंचवटा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. ते जंगलाचे पुढारी होते. त्यांना कोणी कधी निवडलं ते कोणालाच आठवत नव्हतं. पण ते पुढे चालत आणि बाकीचे मागे चालत, म्हणून ते पुढारी. एकदा म्हणे त्यांच्या नुसत्या हुंकारानं वाघ मागे फिरला होता. वाघाला त्या दिवशी मुळातच दुसरीकडे जायचं होतं, पण ही माहिती फक्त वाघाला होती.

नानासाहेब फार कमी बोलत. दिवसाला दोन शब्द, सणावाराला तीन. त्यामुळे त्यांच्या शब्दाला मोठा मान होता.

हे शब्द गोळा करायचं काम साळिंदर गुरुजी करत. ज्याच्या पाठीवर लेखण्याच उगवतात, त्याला लेखक होण्यापासून कोण अडवणार? गुरुजी पाठीवरची एक लेखणी उपटत, काव कालवत आणि पळसाच्या पानांवर लिहीत. ग्रंथाचं नावही ठरलं होतं, 'नानासाहेबांची वचने: जीवन आणि नेतृत्वाचे एकवीस धडे'. प्रस्तावना तयार होती. आभार तयार होते. फक्त वचनं यायची बाकी होती.

आता या गोष्टीतली आपली बाई. सगुणाबाई रानकोंबडी.

सगुणाबाईनं पाणवठ्याच्या वाटेकडेला, करवंदीच्या जाळीत, सात अंडी घातली होती. रानकोंबडीचं घर जमिनीवरच असतं. अंडी एकवीस दिवस उबवावी लागतात आणि तेवढे दिवस ती हलवता येत नाहीत. हे तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुम्हाला अंडी ताटातच भेटतात.

अंडी घातली तेव्हा वाट जाळीपासून चांगली लांब होती. पण ती रोज रुंद व्हायला लागली. त्याचं असं झालं, की नानासाहेबांच्या मागून चालायला कोणी तयार होईना. जो तो शेजारून चालू लागला. आधी डावीकडे एक, उजवीकडे एक. मग दोन, दोन. बघता बघता कळप लांबीपेक्षा रुंदीला जास्त झाला. काठानं चालणाऱ्यांचे खूर जाळीच्या दिशेनं सरकत निघाले.

तिसऱ्या दिवशी सगुणाबाई नानासाहेबांकडे गेली. नानासाहेब रवंथ करत बसले होते. शेजारी गुरुजी लेखणी सरसावून होतेच.

"नानासाहेब," सगुणाबाई म्हणाली, "माझी सात अंडी हाईत वाटंकडंला. कळप तेवढा चार पावलं वरनं न्या की. अठरा दिवसांचाच प्रश्न हाय."

नानासाहेबांनी रवंथ थांबवलं. वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि म्हणाले, "बघू."

सगुणाबाईला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या माणसानं, म्हणजे गव्यानं, बघू म्हटलं. ती आनंदानं परत गेली.

गुरुजींना तर भरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं, "धडा पहिला. दूरदृष्टी. सामान्य प्राणी करून मोकळा होतो. नेता बघतो."

पाचव्या दिवशी वाट आणखी हातभर सरकली. सगुणाबाई पुन्हा गेली.

"अर्ज द्या," नानासाहेब म्हणाले.

तिनं गुरुजींकडूनच अर्ज लिहून घेतला, कोवळ्या हिरव्या पानावर, सुवाच्य अक्षरात. नानासाहेबांसमोर ठेवला. नानासाहेबांनी तो हुंगला आणि खाल्ला.

गुरुजींनी लिहिलं, "धडा सहावा. नेत्याने कोणताही विषय पचवायला हवा."

आठव्या दिवशी नानासाहेब म्हणाले, "वर बोललोय."

सगळ्यांनी वर पाहिलं. झाडावर एक म्हातारं वानर बसलं होतं. ते म्हणालं, "माझ्याशी कुणी बोललं नाही बाबा." गुरुजींनी त्याला गप्प केलं आणि नवव्या धड्याला 'नम्रता' असं नाव दिलं, कारण एवढा मोठा नेताही आपल्या वर कोणी आहे असं मानतो.

दहाव्या दिवशी नानासाहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या." हा धडा अकरावा, संयम.

"गुरुजी," सगुणाबाई वाटेत म्हणाली, "अंडी आठवड्याचं गणित धरत नाहीत. काम कधी हुईल ते सांगा."

"बाई," गुरुजी प्रेमानं म्हणाले, "तुम्ही फळाकडे बघता. मी आशयाकडे बघतो. तुमच्यामुळेच तर हे सगळं बाहेर पडतंय. आभारात तुमचं नाव घालतो."

इकडे गुरुजींनी मोठ्या कातळावर रोज सकाळी वर्ग सुरू केला होता. सगळं जंगल यायचं. एक वचन, त्याचा अर्थ, मग सगळ्यांनी ते तीनदा म्हणायचं. वर्गाचा परिणामही दिसू लागला. सशाच्या बायकोनं बीळ गळतंय म्हणून सांगितलं, तेव्हा ससा म्हणाला, "बघू." मुंगसासमोर साप आला, तेव्हा मुंगूस म्हणालं, "अर्ज द्या." आणि धनेश पक्ष्याची मादी, अंड्यांवर बसली की झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नवऱ्यानं आणलेल्या फळांवर जगते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. तिनं आतून विचारलं, "अहो, उंबरं कधी आणताय?" धनेश म्हणाला, "पुढच्या आठवड्यात." त्यावर चोच बाहेर काढून ती जे बोलली, ते मी तुम्हाला तुम्ही मोठे झाल्यावर सांगेन.

चौदाव्या दिवशी व्हायचं ते झालं.

कळपाच्या अगदी काठाला शिरपा नावाचा गवा चालायचा. स्वभावानं वाईट नव्हता. फक्त त्याची मान कायम नानासाहेबांकडे वळलेली असायची, त्यामुळे आपला पाय कुठे पडतो हे त्याला कधी कळायचं नाही. त्या सकाळी त्याचा पाय जाळीत पडला. सगुणाबाई अंड्यांवर होती. ती हलली नाही. खूर तिच्या शेपटीवर टेकला, दोन पिसं मुळासकट गेली, आणि खूर उचलला गेला. अंड्यापासून तो बोटभर लांब होता.

शिरपा पुढे गेला. त्याला पत्ताही नव्हता.

सगुणाबाई भ्याली. इतकी भ्याली, की कळप गेल्यावर तिला रडायला आलं आणि रडताना अंड्यांवरून उठायचीही सोय नव्हती. तिनं एकेक अंडं पायानं चाचपलं. साती शाबूत होती. पण उद्या शिरपा बोटभर अलीकडे सरकला, की संपलं. मुलांनो, इथे हसू नका. इथे मलाही हसू येत नाही.

दुसऱ्या दिवशी, अंड्यांवर पाचोळा ओढून, ती घटकाभर वर्गाला गेली. नानासाहेबांकडे पुन्हा जायचं तिच्या मनात नव्हतं. गुरुजींशी भांडायचं होतं. ती मागे उभी राहिली.

तेवढ्यात वाऱ्यानं ग्रंथाचं एक पान उडालं आणि एका रानडुकराच्या पायाखाली आलं. आता रानडुक्कर म्हणजे कसं, तर चिखल, काटे, लोकांची बिळं, सगळं तुडवत जाणारा प्राणी. पण त्यानं चटका बसल्यासारखा पाय उचलला. पानाला नाक लावलं, मग तेच नाक कपाळाकडे न्यायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही. "माफी असावी," तो पुटपुटला, "नानासाहेबांच्या शब्दाला पाय लागला."

सगुणाबाईनं हे पाहिलं. भांडण तिनं गिळून टाकलं आणि वर्ग संपायची वाट पाहत थांबली.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमचं काम फार मोठं हाय. पण पानं उडत्यात. एखादं वचन दगडावर नको का?"

गुरुजींचे काटे आनंदानं उभे राहिले. "माझ्या मनात केव्हापासून आहे. त्या वडाखाली दगड लावावा म्हणतो."

"वडाखाली कोण वाचतंय? तिथं जाणारं झोपायलाच जातं. पाणवठ्याच्या वाटंवर लावा. करवंदीची जाळी हाय न्हवं, तिच्यापुढं. नानासाहेब रोज तिथनं जातात. रोज त्यांची नजर पडंल. हे कुणी केलं म्हणून विचारतील तरी."

शेवटच्या वाक्यावर गुरुजी विरघळले. त्यांना वीस धडे सुचले होते, पण नानासाहेबांनी अजून त्यांचं नाव एकदाही विचारलं नव्हतं.

"उभा करू की आडवा?" त्यांनी विचारलं.

"आडवा," सगुणाबाई म्हणाली. "उभा पडतो एखाद्या वक्ताला. आणि मोठा घ्या. नानासाहेबांच्या मानानं लहान दिसायला नको."

"पण पहिलं वचन तर दोनच अक्षरांचं आहे."

"मग अक्षरं मोठी काढा."

आणखी दोन सकाळी शिरपाचा खूर जाळीला घासून गेला, आणि सोळाव्या दिवशी दहा रानडुकरांनी एक सपाट कातळ ढकलत आणला आणि जाळीला चिकटून आडवा टाकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत गुरुजींनी काव फासून लिहिलं, 'बघू'. खाली बारीक अक्षरात, नानासाहेब. त्याच्याही खाली, आणखी बारीक अक्षरात, स्वतःचं नाव, पत्ता आणि वर्गाची वेळ.

सतराव्या दिवशी सकाळी कळप आला. सगुणाबाई अंड्यांवर होती. गुरुजी रानफुलं घेऊन उभे होते. धूळ जवळ आली, खुरांचा आवाज जवळ आला. सगुणाबाईनं डोळे मिटून घेतले.

आणि आवाज थांबला.

तिनं एक डोळा उघडला. शिरपा तीन पायांवर उभा होता. चौथा पाय हवेत होता. मागचे त्याच्यावर येऊन आदळले, त्यांच्या मागचे त्यांच्यावर, आणि सगळा कळप जागच्या जागी चेंगरला.

"काय झालं?" मधून नानासाहेबांनी विचारलं.

"पाय कुठं ठेवू, नानासाहेब?" शिरपा रडकुंडीला येऊन म्हणाला. "खाली तुमचा शब्द हाय."

नानासाहेब वळून आले. दगडाकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पुढाऱ्यानं ते कबूल करायचं नसतं. "हं," ते म्हणाले. "वाचा जरा मोठ्यानं."

"'बघू', नानासाहेब," गुरुजी म्हणाले. "आपलंच वचन. धडा पहिला, दूरदृष्टी."

"मी म्हणालो होतो?"

"होय, आपणच."

"कुणाला?"

गुरुजी विचारात पडले. त्यांनी वचन टिपलं होतं, अर्थ टिपला होता, तिथी टिपली होती. कोणाला म्हणाले ते टिपायचं राहून गेलं होतं. सगुणाबाई जाळीत अंड्यांवर आणखी दबून बसली.

नानासाहेब बराच वेळ त्या दगडाकडे बघत राहिले. एवढं मोठं अक्षर त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे ओलावले.

"चांगलं बोललोय," ते म्हणाले.

मग त्यांनी मान वळवली आणि वाट सोडून वरच्या अंगानं चालायला लागले. सगळा कळप त्यांच्यामागून वर चढला. मोजून चार पावलं. वर गवतही जरा बरं होतं.

गुरुजींचं नाव विचारायचं राहिलं.

एकविसाव्या दिवशी साती अंडी फुटली. सात पिल्लं. गुरुजींचा ग्रंथही त्याच आठवड्यात पुरा झाला. एकविसावा धडा होता 'करुणा', कारण नानासाहेबांनी एका गरीब कोंबडीसाठी आपली वाट बदलली, हे तोवर जंगलभर झालं होतं. गुरुजी सगुणाबाईकडे अभिप्राय मागायला आले.

"लिहा गुरुजी," ती म्हणाली, "नानासाहेबांच्या शब्दामुळं माझी पोरं वाचली. ह्यात खोटं काहीच नाही."

ती बोलत होती तेव्हा पिल्लं दगडावर चढली होती. दगड सकाळच्या उन्हात छान तापला होता. पिल्लांनी त्यावर ऊन खाल्लं, एकमेकांना ढकललं, आणि पहिल्या अक्षरापासून दुसऱ्या अक्षरापर्यंत, पिल्लं जे करतात ते सगळं केलं. गुरुजींनी हां हां म्हणून हात उचलला. सगुणाबाई मात्र नुसती बघत बसली. तिनं एकालाही हाकललं नाही.

तात्पर्य: थोर नेत्याच्या शब्दात फार मोठी ताकद असते, बाळांनो. म्हणून त्याचा शब्द मिळाला की आधी त्याची लांबी-रुंदी मोजून घ्यावी आणि तो आपल्या दाराशी आडवा टाकावा. अर्थाची घाई करू नये. अर्थ काढायला कोणीतरी साळिंदर मिळतोच.