चेटकीण, राजपुत्र आणि माझे तीन उत्तरदाते

संशोधन घरात करू नये, असे आमच्या पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. (मी ते नंतर परिशिष्टांसह तपासले.) तसे लिहिलेले असते, तर मी त्या शनिवारी सत्तावीस मतांवर थांबलो असतो आणि निदान माझी अब्रू तरी शाबूत राहिली असती.

माझ्या प्रबंधाचा विषय होता, ‘एका अभिजात परीकथापटाविषयी प्रेक्षकांची मते’. हा परीकथापट आठ मिनिटांचा, हाताने चितारलेला आणि संवादरहित आहे. चेटकीण राजकन्येला मनोऱ्यात ठेवते. राजपुत्र शिडी आणतो, ती तोकडी पडते. तो काळजीपूर्वक मोजमाप घेऊन दुसरी आणतो, तीही तोकडी पडते. तिसऱ्या शिडीनंतर चेटकीणच वैतागून मनोऱ्याचे दार उघडते, कारण त्या दाराला कुलूप मुळात नसतेच. मग लग्न होते.

या चित्रपटावर तीस प्रेक्षकांची मते शनिवारी पाच वाजेपर्यंत विभागात पोहोचवायची होती. एकही कमी पडले, तर सहामाही वाया जाणार होती. शनिवारी दुपारी एक वाजता माझ्याजवळ सत्तावीस मते होती आणि समोर जेवून उठलेली तीन माणसे होती : बायको, आठवडाभरासाठी आलेल्या सासूबाई आणि निवृत्त गणितशिक्षक असलेले सासरे.

मी एक छोटासा निर्णय घेतला.

“फक्त आठ मिनिटं बघायचं आणि नऊ प्रश्नांची उत्तरं लिहायची,” मी म्हणालो.

“मार्क किती?” सासऱ्यांनी विचारले.

“मार्क नाहीत, बाबा. मतं आहेत.”

“मग वाचणार कोण?”

बायको दातांची डॉक्टर आहे. समोरचा माणूस आ करून बसलेला असताना त्याला प्रश्न विचारण्याची तिला सवय असल्याने लेखी उत्तराची कल्पना तिला नवीन होती. तरी ती तयार झाली. खोलीत अंधार करणे आवश्यक होते. पडद्याची दांडी अद्याप बसवलेली नसल्यामुळे (मी तिचे मोजमाप घेत आहे) आम्ही खिडकीवर चादर लावून तिची टोके झडपांत अडकवली.

चित्रपटापूर्वी मी संमतिपत्रक मोठ्याने वाचून दाखवले. प्रत्येकाचे उत्तर गोपनीय राहील, हे कलम तीन. सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी, कारण न देता माघार घेऊ शकते, हे कलम चार. कलम चार मी दोनदा वाचले. ते कोणी ऐकून घेत नाही, असा माझा अनुभव होता.

चित्रपट शांततेत पार पडला. मात्र प्रश्नावली भरताना चौथ्या प्रश्नाशी सासूबाई खुदकन हसल्या. बायकोने मान वर करून पाहिले. मग तीही चौथ्याच प्रश्नाशी हसली, आणि सासूबाईंनी मान वर केली.

चौथा प्रश्न असा होता : ‘चेटकिणीचे वर्तन आपणास परिचित वाटते का? वाटत असल्यास उदाहरण द्या.’

हा प्रश्न मी सत्तावीस जणांना विचारला होता. पण त्या सत्तावीस जणांत एकाच खोलीत बसलेली माय-लेकीची जोडी एकही नव्हती, हे माझ्या त्या वेळी लक्षात आले.

मी कागद घेतले, आतल्या खोलीत जाऊन वाचले आणि लिफाफ्यात घातले. बाहेर आलो, तर बायको दारातच उभी.

“आईनं चारला काय लिहिलंय?”

“सांगता येणार नाही. गोपनीयता आहे.”

“सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतंस.”

“तसं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“म्हणजे माझ्याबद्दलच आहे.”

मी तेथून स्वयंपाकघरात सटकलो. तेथे सासूबाई कपबशा विसळत होत्या, आणि त्या विसळण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

“जावईबापू, एक विचारू? आमच्या लेकीनं त्या चेटकिणीखाली काय खरडलंय?”

येथे मी शांत राहायला हवे होते. परंतु अचूक माहितीने माणसाचे समाधान होते, अशी माझी समजूत होती. मी म्हणालो, “आई, तिच्या उत्तरात तुमचं नाव कुठेही नाही.”

कपबशीचा आवाज थांबला.

“नाव नाही,” सासूबाई हळू म्हणाल्या. “म्हणजे वर्णन आहे.”

पुढच्या पंधरा मिनिटांत काय काय निघाले, याची नोंद मी ठेवलेली नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात कोणी कोणाच्या वेण्या घट्ट घातल्या होत्या, येथपासून लग्नात कोणी कोणाला निळी साडी घेऊ दिली नव्हती, येथपर्यंत विषय गेला. सासरे मध्येच म्हणाले, “प्रश्नच संदिग्ध आहे. मी मुख्याध्यापक असतो तर पेपर परत पाठवला असता.”

“तुम्ही थांबा हो!” दोघी एका सुरात म्हणाल्या. दुपारभरात त्यांचे एकमत झाले ते एवढेच.

मग सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. “जावईबापू, माझा कागद परत द्या. कलम चार.”

“माझाही दे,” बायको म्हणाली.

“मग माझाही द्या,” सासरे म्हणाले. “एकट्याचा ठेवून सरासरी काय काढणार?”

घड्याळात सव्वाचार झाले होते. विभाग पायी वीस मिनिटांवर. मी पुन्हा सत्ताविसांवर आलो होतो. माझ्या डोळ्यांपुढे वाया गेलेली सहामाही उभी राहिली.

खरे सांगायचे, तर हे सारे एका मिनिटात मिटवणे माझ्या हातात होते. कारण त्या कागदांत माय-लेकींनी एकमेकींविषयी एक अक्षरही लिहिलेले नव्हते. ते वाचून दाखवणे पुरेसे होते. परंतु ते वाचून दाखवण्यात एक अडचण होती, आणि ती गोपनीयतेची नव्हती. (गोपनीयतेचा उपयोग मी किती चटकन शिकलो, याचे मला आजही वाईट वाटते.)

सासूबाई आत जाऊन बॅग भरू लागल्या. बायको खिडकीकडे तोंड करून बसली. तिचे पडलेले खांदे पाहून मी हरलो.

“मोठ्यानं वाचतो,” मी म्हणालो. “पण प्रकट वाचनासाठी तिघांची नव्यानं संमती लागेल. मी मसुदा करतो, दहाच मिनिटं.”

“वाच!” बायको ओरडली.

मी तोंडी संमती गृहीत धरली आणि लिफाफा उघडला.

सासूबाईंचे उत्तर : ‘चेटकीण परिचित वाटत नाही. बिचारी एकटीच काम करते. परिचित वाटतो तो राजपुत्र. चांगला आहे, पण शिडीच मोजत बसतो. लेकीला धीर फार.’

बायकोचे : ‘चेटकीण नाही, राजपुत्र. जागा अपुरी असल्याने उत्तर मागील पानावर.’ मागील पान भरलेले होते. समासातही मजकूर होता.

सासऱ्यांचे, पेन्सिलीने : ‘राजपुत्र. उदाहरण : पडद्याची दांडी. मोजमापे पाच, दांड्या शून्य. दहापैकी दोन गुण, तेही प्रयत्नांबद्दल.’

मग सासूबाई बॅग तशीच टाकून बाहेर आल्या, आणि बायकोकडे पाहून त्यांना जे हसू फुटले, ते आवरेना. बायको हसता हसता त्यांच्या खांद्यावर कोसळली. “आई, तू ‘चांगला आहे’ कशाला लिहिलंस?”

“अगं, तो वाचणार होता ना!”

सासऱ्यांनी तीनही कागद पुन्हा लिफाफ्यात घालून माझ्या हातात कोंबले. “पळा. आता मोजू नका.”

मी पाचला चार मिनिटे कमी असताना विभागात पोहोचलो. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तीसही कागद चाळले. शेवटच्या तिनांपाशी त्या थांबल्या, चष्मा पुसला आणि बायकोचे मागील पान पुन्हा पहिल्यापासून वाचले.

“हे सत्तावीस तुझ्या वर्गातल्यांचे ना? सगळ्यांनी लिहिलंय, ‘चित्रपट आवडला, चेटकीण वाईट’. याला मत म्हणत नाहीत. मतं ही तीन आहेत.”

“मग, मॅडम, सहामाही?”

“पुढचा शनिवार देते. अशीच आणखी सत्तावीस आण.”

मी घरी येईपर्यंत मला एकाही नव्या प्रेक्षकाचे नाव सुचले नव्हते. झाला प्रकार मी जड आवाजात सांगितला. सासूबाईंनी लगेच फोन हाती घेतला. तासाभराने त्यांनी तो खाली ठेवला.

“झालं काम. माझ्या माहेरचे चौदा, ह्यांच्याकडचे तेरा. सगळे गुरुवारी येतायत.”

मला भरून आले. “आई, एवढ्या सगळ्यांना चित्रपट एकदम दाखवायचा, तर बसायची व्यवस्था...”

“चित्रपट कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “त्यांनी तुम्हाला पाहिलंय की.”