बाबांच्या नावाचं पार्सल

नियोजन हा माझा हातखंडा आहे, हे मी लोकांना स्वतःहून सांगत असते. त्यामुळे अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेला सुट्टी लागली आणि कित्येक महिने वाट पाहायला लावणारं पार्सल नेमकं तेव्हाच निघालं, तरी मी डगमगले नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाला मला अकोल्याला जायचंच होतं. पत्ता घरचा दिला आणि वर नाव बाबांचं घातलं, खुशालराव. ते गेले तरी आमच्या गल्लीत कुरिअरवाल्याला दुसऱ्या कोणाच्या नावाने घर सापडत नाही.

पार्सलमध्ये करंगळीहून लहान नळी होती आणि तिच्या तळाशी थेंबभर गोठलेलं प्रोटीन. उंदराच्या पेशीत चरबीचे कण उचलून इकडून तिकडे नेणारा हमालच म्हणा. प्रयोगासाठी तो जिवाणूंकडून मुद्दाम बनवून घेतात. माझं पीएच.डी.चं सगळं काम या एका थेंबावर अडलं होतं आणि थेंब बर्फातच राहायला हवा होता. तसं मी माणिकआत्याला, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीला, फोनवर बजावलं.

"काय हाय वं त्यात?"

"चरबी पकडतं ते. जपून फ्रीजरमध्ये ठेव."

"चरबी पकडते?" आत्याने खात्री करून घेतली. "बरं. ठेवतो मी."

आत्या 'बरं' म्हणाली की तिला पटलंय, असा माझा समज होता.

श्राद्धाच्या दिवशी बस मूर्तिजापूरला रखडली. मी पोचले तेव्हा बाबांचं पान गच्चीवर गेलेलंही होतं. मी आधी फ्रीजर उघडला. खोका होता, बर्फाच्या पिशव्या होत्या, नळी नव्हती.

"आत्या, यातली नळी कुठंय?"

"पानावर ठेवली ना."

"कोणत्या पानावर?"

"कोनत्या म्हंजे? तुह्या बापाच्या."

"काहून?" माझ्याही तोंडून वऱ्हाडीच निघालं.

"त्याच्या नावानं आलं होतं. वाचलं मी. आन् त्याले चरबीनंच नेलं ना? डाक्टरनं वडे बंद केल्ते. आज पानावर वडे, पुऱ्या, सारं तेलातलं. म्हनलं पोरीनं बरोबर इचार केला, वड्यासंग औषधई धाडलं."

यात तर्काची एकही चूक मला काढता येईना. मी जिन्याकडे धावले, मागोमाग आत्या.

गच्चीवर आई हात जोडून उभी होती. कठड्यावरचा कावळा उतरून पानाशी आला. त्याने वडा पाहून सोडला, पुरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. निळ्या टोपणाची नळी चोचीत धरली आणि शेजारच्या महादेवरावकाकांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला.

"आल्याबरोबर शिवला," आईचे डोळे भरले. "दहाव्याला किती ताटकळवलं होतं यानं."

मी चप्पल उचलली. आत्याने माझं मनगट धरलं. "पितराच्या तोंडचं हिसकून घेतं का वं?"

"आत्या, ते औषध नाही. उंदराचं प्रोटीन आहे."

मनगट सुटलं. "पितराच्या पानावर उंदीर?"

"उंदीर नाही गं. उंदराने ते पाहिलंसुद्धा नाही. जिवाणूंनी बनवलंय."

"मंग उंदराचं काहून म्हनतं?"

इतका नेमका प्रश्न मला परीक्षकांनीही विचारला नव्हता. उत्तर द्यायला मी थांबले नाही.

महादेवरावकाकांचा जिना बैठकीतून वर जातो आणि बैठकीत काका असतात.

"ये रागिणी. बस."

"काका, जरा गच्चीवर जायचं होतं."

"जाजो ना. पानी तं पी." मे महिन्यातल्या अकोल्यात पाण्याला नाही म्हणता येत नाही. वर माझा थेंब वितळत होता आणि काका कूलरकडे बोट दाखवत होते. "हा तुह्या बापानं बसवून देल्ला. म्हने, मिस्त्री कायले बलावता? मोटर उलटी जोडली. चालू केला तं पानी सारं आमच्या जावयावर. जावई नवा होता. त्याले वाटलं आमच्यात अशीच पद्धत असंल, बसून राहिला बिचारा."

मी हसले. बाबांच्या कुठल्या गोष्टीवर असं हसले नव्हते, ते गेल्यापासून. काकांनी आणखी एक सांगितली आणि तीही मी पूर्ण ऐकली.

वर गेले तेव्हा कावळ्याला नळी बेचव लागली असावी. तो निघून गेला होता आणि नळी वाळत घातलेल्या कुरड्यांत पडली होती. टोपणावर चोचीचे ओरखडे होते, पण ते उघडलं नव्हतं. आतला थेंब मात्र पाणी झाला होता. काकांकडचाच बर्फ घेतला आणि संध्याकाळच्या बसने नळी मांडीवर धरून अमरावती गाठली. सुट्टी संपेपर्यंत ती माझ्या खोलीतल्या फ्रीजरमध्ये राहिली.

सुट्टी संपल्यावर कुलदीप सरांना सगळं खरं सांगितलं. ते विभागप्रमुख, त्यांच्यासमोर लोक शिंकतानाही परवानगी घेतात. सरांनी हातमोजे चढवले. आम्ही थेंबातला कणभर भाग घेऊन त्यात रंग मिसळला. प्रोटीन शाबूत असेल तर हा रंग त्याच्या पोटात शिरतो आणि उजळतो. यंत्रावरची रेघ हलली, मग सरळ वर चढत गेली. हमाल कामावर हजर होता. मी खुर्चीत बसले.

सरांनी उठून दार लावून घेतलं. आता ऐकावं लागणार, म्हणून मी पुन्हा उभी राहिले.

"कावळा किती वेळात आला म्हनली तू?"

"लगेच, सर."

"माह्या मायच्या वेळेस आलाच नाई. अर्धा दिवस उन्हात बसलो आमी. शेवटी दर्भाचा कावळा करा लागला." सर चष्मा पुसत राहिले. "आता मागवशील तं दोन नळ्या मागव. एक प्रयोगाले."