गिटारचं म्हातारपण

देवासच्या उमाबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ! भर हळदीकुंकवात त्यांनी विहीणबाईंना सुनावलं, "सासरेबुवांची गिटार अस्सल विलायती आहे! गोऱ्या बँडमास्तरनं देश सोडताना त्यांच्या हातात दिलेली. खोटी निघाली तर धारला येऊन तुमच्या उंबऱ्यावर नाक घासीन!"

निमित्त एवढंच, की विहीण नर्मदाबाई म्हणाल्या होत्या, "हाटातली असेल हो!"

आज पारखी येणार होता. इंदूरचा हर्षित, शौकिनांसाठी जुन्या गिटारी ओळखून त्यांचं मोल ठरवणारा. मजा बघायला नर्मदाबाई पहिल्याच बसनं धारहून हजर! उमाबाईही कमी नव्हत्या, कालच केसांना कलप लावून तयार.

सून वैभवी, म्हणजे नर्मदाबाईंचीच लेक. तिनं बजावलं होतं, "आईसाहेब, गिटारला हातसुद्धा लावू नका."

हात लावू नका? अगं, मुलगी दाखवायची झाली तरी तोंड धुऊन बसवतो आपण! उमाबाईंनी न्हाणीघराला आतून कडी घातली आणि सोड्याच्या कढत पाण्यानं गिटार अशी घासली, की सगळं पॉलिश मोरीतून वाहून गेलं. गिटार निघाली सोललेल्या बटाट्यासारखी!

वैभवी ओरडलीच, "आईसाहेब, त्या जुन्या पॉलिशचंच तर मोल होतं! आता नकली म्हणेल तो!"

बाहेर गाडी थांबली. "या या, हर्षित भिया!" नर्मदाबाईंचा आवाज कसा गुळात घोळलेला!

 पण उमाबाई हार मानतील? "त्याला पोहे दे. वर जिलेबी दे. उठू देऊ नकोस!"

मग गिटारवर उकळलेला चहा, तव्याची काजळी आणि वरून तेलात कालवलेला काळा मसाला. दुसरी बशी संपेपर्यंत गिटार पुन्हा म्हातारी!

हर्षितनं टॉर्च मारली. वाकला. नाकपुड्या फुलल्या.

"काकी, इसमें से मसाल्याचा वास का येतोय?"

"स्वयंपाकघराला लागून ठेवते ना!"

त्यानं बोट फिरवलं. बोट काळं! "काकी, बुरा मत मानना. ज्याचं म्हातारपण वरून फासलेलं, तो माल बहुतेक नकलीच असतो. मी असली म्हणून नाही सांगू शकत."

"मी काय म्हणत होते!" नर्मदाबाईंनी टाळीच वाजवली. "धारला कधी येताय? उंबरा धुऊन ठेवते!"

 गप्प बसावं तर सासरेबुवा खोटे ठरतात. बोलावं तर स्वतःचं तोंड काळं! एकदम उमाबाई कडाडल्या, "मी फासलं! आधी धुतलीही मीच! पण माझे सासरे खोटं बोलणारे नव्हते!"

 हर्षितनं दांडीचा छोटा आरसा गिटारच्या भोकातून आत घातला.  आरसा इकडे वळला, तिकडे वळला...

"आत काकींचा हात नाही पोचला!" तो हसला. "पट्ट्या, सरस, धूळ, सगळं जुनं. असली विलायती आहे. फक्त शौकीन आता चौथाई मोल देईल."

"चौथाई तर चौथाई!" उमाबाईंची मान ताठ झाली. "ऐकलंत ना, विहीणबाई? खरी आहे!"

"ऐकलं हो," नर्मदाबाई जिलेबी मोडत म्हणाल्या, "गिटार म्हातारी असून म्हातारपण वरून फासलं. आणि स्वतःला मात्र तरुणपण!"

उमाबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला.