बबनतात्यांची शिडी

बबनतात्यांकडे कुणी पहिल्यांदा आलं, की पाणी विचारायच्या आधी ते त्याचं वजन विचारतात. आधी दारातच त्याला खालून वर न्याहाळतात, पाठीवर एक थाप मारतात आणि आत तोंड करून ओरडतात, "अगं, चा टाक! चांगलं वजनदार पावनं आल्यात!" पाहुण्याला वाटतं, हे आपल्या समाजातल्या वजनाबद्दल चाललंय. तो खुलतो. चहा संपतो न संपतो तोच तो परसातल्या चिंचेखाली उभा असतो आणि तात्या त्याला शिडीवर चढवत असतात.

मी त्यांचा भाडेकरू. मूळचा लातूरकडचा, नोकरी चाकणच्या एका कंपनीत, सेफ्टी खात्यात. उंचावर काम करणाऱ्यांना पट्टे बांधायला लावायचे आणि न बांधणाऱ्यांवर ओरडायचं, हा माझा धंदा. चऱ्होलीत खोली बघायला आलो, तर तात्यांनी ना डिपॉझिटचं नाव काढलं, ना आधारकार्ड मागितलं. "किलो किती?" एवढंच. मी लाजत आकडा सांगितला. तात्यांचा चेहरा उजळला. "राव, असली माणसं आता गावतात कुठं! खोली तुमचीच." तेव्हापासून घरात नवी शिडी आली, की पहिल्यांदा चढायचा मान माझा.

आता या शिड्या कशासाठी, तर मचाणासाठी. घरामागे तात्यांच्या वावराचा शेवटचा तुकडा उरलाय. त्यात ही जुनी चिंच आणि चिंचेच्या बेचक्यात सागवानी फळ्यांचं मचाण. एके काळी समोर सगळा ऊस होता आणि उसात रानडुकरं शिरायची. तात्या ठासणीची बंदूक घेऊन वर शिकारीला बसायचे. आता शिकारीला बंदी, बंदूक केव्हाच जमा झालेली, उसाच्या जागी सोसायट्या. डुक्कर बघायचं तर कचराकुंडीपाशी जावं लागतं. तरी तात्यांना त्या मचाणावर जायची सोय करायचीच होती, आणि तीही लवकर. थोरल्या मुलानं तो तुकडा बिल्डरला दिला होता. दिवाळी झाली की चिंच पडणार होती.

एवढी घाई असलेल्या माणसानं पहिली मिळेल ती शिडी लावावी की नाही? पण तात्यांनी पोरीला स्थळं बघताना काढले नसतील एवढे दोष शिड्यांत काढले. मांडववाल्याची बांबूची शिडी आली. मी चढलो. ती करकरली. "चुगलखोर हाय. परत द्या." मोबाईलवरून मागवलेली ॲल्युमिनियमची आली. "लई हलकी. वाऱ्यालाच भील ही." दोरीची शिडी आली, तिच्यावर तिसऱ्या पायरीला मी गर्रकन फिरलो आणि झाडाकडे पाठ करून लोंबकळलो. तात्यांनी शांतपणे माझे दोन्ही पाय धरून मला सरळ केलं. सुतार म्हणाला, खोडाला खिळे मारून पायऱ्या ठोकतो. तात्या भडकले, "झाडाला खिळं? आदी मला एक मार!"

आणि कुठलीही शिडी परत करताना ते बोट वर करून म्हणत, "पयली पायरी गोड बोलती. खरी वळख वर गेल्यावर." हे वाक्य त्यांना सगळीकडे चालतं. बिल्डर गोड हसला, पयली पायरी. नवी सून आल्या आल्या वाकून पाया पडली, पयली पायरी. मी भाडं वेळेवर दिलं, तेव्हाही हेच ऐकून घेतलं.

एका रविवारी खिडकीतून बघतो, तर म्हातारा धोतराचा काचा मारून, खोडाला पायाची बोटं रुतवत सरसर वर चाललेला. वर जाऊन त्यानं मचाण खराट्यानं झाडलं आणि तसाच खाली आला. मी धावत गेलो. "तात्या, तुम्हाला शिडी लागतच नाही की!"

"झाडायला गेलतो. त्याला चढनं म्हनत न्हाईत," तात्या म्हणाले आणि खराटा घेऊन निघून गेले.

माझ्यातला सेफ्टीवाला चवताळला. दुसऱ्याच दिवशी मी माझा हार्नेस आणला, पाठीवर, छातीवर, मांड्यांवर पट्टे असलेला. धोतरावर मांड्यांचे पट्टे बांधणं हे काम मी कुठल्याही प्रशिक्षणात शिकलो नव्हतो. शेवटी धोतर कुठलं आणि पट्टा कुठला हे आम्हा दोघांनाही कळेना. फांदीवरून दोर टाकून मी त्यांना जरा उचललं, ते लोंबकळू लागले आणि दोराची गाठ काही केल्या सुटेना. काकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, चहा घेऊन आल्या. नवरा हवेत गोल फिरतोय हे बघून त्या जराही दचकल्या नाहीत. तोंड आपल्या बाजूला येईपर्यंत थांबल्या आणि कप हातात दिला.

"ह्यांचं ह्या झाडावरलं प्रेम जुनं हाय," गाठीशी झटापट करणाऱ्या मला त्या सांगू लागल्या. "लगीन होऊन आले तवापास्नं ह्या चिंचंखाली भाकरी आनत होते. हे वरनं दोर सोडायचे, मी फडकं बांधायचं, हे वढून घ्यायचे. मला वर जायाची बंदी. बाईचा पाय लागला की शिकार मचानाकडं वळत न्हाई म्हनं. बरं, वरून काय दिसतं इचारलं, तर म्हनायचे, काय न्हाई."

"अंधारच आसायचा," तात्या फिरता फिरता म्हणाले.

"चांदनं आसलं तरी काय न्हाईच म्हनायचे," काकू म्हणाल्या आणि रिकामा कप घेऊन गुडघ्यावर हात दाबत घराकडे वळल्या. मी हसलो आणि विसरून गेलो.

शिडी शेवटी मलाच सापडली. भंगारवाल्याकडे एका गोडाऊनमधली चाकांची शिडी पडली होती. शिडी कसली, जिनाच तो. रुंद पायऱ्या, दोन्हीकडे कठडे, वर उभं राहायला चौथरा. तात्यांनी पायऱ्यांमधलं अंतर वितीनं मोजलं, कठड्यावरून लग्नाच्या शालूवरून फिरवावा तसा हात फिरवला. "चढा," म्हणाले. मी चढलो. ती हूं की चूं करेना. पुढच्या तासाभरात आमची वरात निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत शिडी, शिडीच्या चौथऱ्यावर फेटा बांधून तात्या, खाली ब्रेक लावलेली चाकं धरून मी. मागे गाड्या तुंबल्या, पोरं व्हिडिओ काढू लागली. तात्या वरून सगळ्यांना रामराम घालत होते. कुणीतरी विचारलं, "तात्या, कुठल्या पक्षाचं तिकीट?"

दुपारी चाकं काढून, खाली फरशा घालून जिना चिंचेला लावला. मी हार्नेस घेऊन तयार होतो. "चला तात्या, तुमचा मान."

तात्या हलले नाहीत. घराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, ये की."

काकू आल्या. जिन्याकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. "आन् शिकार?"

"वळू दी न्हाई तर नको वळू दी," तात्या म्हणाले. "ये."

तेव्हा कुठं माझ्या जाड डोक्यात उजेड पडला. त्या एक एक वीत मोजलेल्या पायऱ्या कुणाच्या गुडघ्यांसाठी होत्या, ते कठडे कशाला हवे होते, सगळं एकदम कळलं. मी हार्नेस पुढे केला, तर काकू म्हणाल्या, "ह्ये काय, पाळन्यातलं प्वार हाय का मी?" त्यांनी पदर खोचला. पहिल्या पायरीवर पाय ठेवून, मागे न बघता म्हणाल्या, "पयली पायरी गोड बोलती, व्हय ना?" कठडा दोन्ही हातांनी धरून तात्या वर बघत होते.

काकू थांबत थांबत वर पोचल्या, फळ्यांवर बसल्या. मचाणावरचा दोर त्यांनी खाली सोडला. तात्यांनी एक हात सोडून शेजारच्या ओट्यावरचं भाकरीचं फडकं उचललं, दोराला बांधलं. भाकरी त्यांनी स्वतः थापली असावी, कारण फडक्याबाहेर आलेला तिचा कोपरा चांगलाच करपलेला होता. फडकं वर गेलं.

समोर सोसायट्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या चादरी आणि मधूनच नदीकडची थोडी हिरवी कड, एवढंच वरून दिसत असणार.

"काय दिसतंय गं?" तात्यांनी खालून विचारलं.

वरून भाकरी मोडल्याचा आवाज आला.

"काय न्हाई," काकू म्हणाल्या.

तात्या हसले. कठडा पुन्हा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मंग बस निवांत," ते म्हणाले. "मी हाय खाली."