अँटेनावरची परात

रिसीव्हरच्या पडद्यावरून सगळे उपग्रह एकदम नाहीसे झाले तेव्हा शुभंकर दाढीला साबण लावून बसला होता. एखादा उपग्रह झाडाआड गेला तर समजू शकतं. सगळे एकदम? "गेलं! सगळं गेलं!" असं ओरडत तो बनियनवरच बाहेरच्या जिन्याने गच्चीकडे धावला.

जमीन हादरली की धक्का हवेतून वर चढतो आणि फार उंचावरच्या विद्युतभारित थरात लाटा उठवतो. त्या थरातून येणारे जीपीएसचे सिग्नल किंचित रेंगाळतात. त्यावरून लाट ओळखायची. प्रबंधाचे मार्गदर्शक त्रिविक्रम सर यांनी त्यासाठी संशोधन संस्थेचा एकुलता एक रिसीव्हर त्याला दिला होता. महिन्याभरात एका तरी भूकंपाची लाट सापडली नाही, तर यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार आणि त्याचा प्रबंध बोंबलणार. संस्थेत झाडांची दाटी, म्हणून अँटेना घरमालकीण मालनबाईंच्या कोरमंगलातल्या मोकळ्या गच्चीवर होता.

आता तिथे फक्त एक पालथी स्टीलची परात दिसत होती.

"अक्का! ही कोणी घातली?"

"मीच की. त्या तुझ्या यंत्राच्या पांढऱ्या टोपीवर कावळे बसतात आणि माझ्या सांडग्यांवर नजर ठेवतात. परातीवरनं पाय घसरतो त्यांचा."

"अहो, धातूतून सिग्नल जात नाही!"

"मग तूच बस स्वल्प वेळ, कावळे हाकलत."

त्याने परात उचलली, तर खालून गलका. सगळी गल्ली रस्त्यावर आली होती. एकाने तर टीव्हीही उचलून आणला होता. भूकंपाच्या यंत्राची ख्याती मालनबाईंनी घरोघर पोचवलेली. त्या यंत्राचा मालक तोंडाला फेस आणून 'सगळं गेलं' म्हणत पळतोय म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं?

"कधी होणार?" खालून कोणीतरी ओरडलं.

"मला नाही माहीत! हे यंत्र भूकंप झाल्यावर सांगतं!"

"झाल्यावर?" मालनबाई म्हणाल्या. "झाल्यावर आम्हालाही कळतं रे."

खात्री करून घ्यायला गल्ली गच्चीवर चढली आणि यंत्राभोवती कोंडाळं करून दुपारपर्यंत उभी राहिली. एवढ्या डोक्यांमधून अँटेनाला आकाश दिसेना.

दुपारी सरांचा फोन आला. "सकाळी पूर्वेच्या समुद्रात मोठा भूकंप झालाय. लाट बघ!"

शुभंकरने पाहिलं. नेमकी तेवढ्याच वेळाची नोंद कोरी होती.

"उद्या जीप पाठवतो," सर थंडपणे म्हणाले. "यंत्र परत दे."

रात्री बातम्यांत भूकंप आला आणि गल्लीची खात्रीच पटली. या मुलाला सकाळीच कळलं होतं!

"अहो, तो योगायोग होता," शुभंकर दारोदार सांगत फिरला.

"बघा," मालनबाई म्हणाल्या, "एवढं करून लेकराला गर्व नाही."

सकाळी कृष्णमूर्ती ड्रायव्हर जीप घेऊन आला, तेव्हा फाटकात माणसंच माणसं.

"यंत्र इथनं हलायचं नाही," मालनबाईंनी बजावलं. "तुमच्या सरांना सांग, भीती वाटत असली तर त्यांनीच इकडं राहायला यावं."

कृष्णमूर्तीने सगळी हकीकत ऐकली. चपला काढून गच्चीवर गेला, अँटेनाला नमस्कार केला आणि रिकाम्या हाताने खाली आला. जीपमध्ये बसल्यावर त्याने हळूच विचारलं,

"सार, माझं घर बोम्मसंद्र्याला आहे. तिकडचं दिसतं का यात?"

"तिथलं आकाश दिसतं," शुभंकरने शास्त्रीयदृष्ट्या अगदी अचूक उत्तर दिलं आणि पुढचं काही न समजावता फाटक लावून घेतलं.