एकोणतीस तारखेच्या चिठ्ठ्या

रोमिनाने फ्रिजच्या दारावर तीन पत्रं चुंबकांनी लावून ठेवली होती, आणि तेव्हापासून त्या घरात कुणालाही फ्रिज शांतपणे उघडता येत नव्हता. पत्रं इटलीतल्या तीन दवाखान्यांची होती. एक वर उत्तरेच्या फ्रिउलीतलं, एक पार खाली दक्षिणेच्या कलाब्रियातलं आणि तिसरं मधल्या मार्के नावाच्या प्रांतातलं. तिन्ही ठिकाणी नर्स हवी होती, तिन्ही ठिकाणी रोमिना पसंत पडली होती, आणि तिघांनाही ऑगस्ट संपायच्या आत उत्तर हवं होतं. सहा वर्षांची ओफेलिया आणि चार वर्षांचा बाउतिस्ता यांना घेऊन जायचं हे नक्की झालं होतं. कुठे, एवढंच राहिलं होतं.

तिचा नवरा फाबियान फ्रिज दुरुस्त करायचा. आर्जेन्टिनातल्या आमच्या रोसारिओ शहरात त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे मी त्याची शेजारीण म्हणून छातीठोकपणे सांगते. पण त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे. नाही म्हणायची वेळ आली की तो हातातला स्क्रू उगाच पिळत बसायचा. मग तो म्हणायचा, "गुरुवारी देतो." कोणत्या गुरुवारी, हे त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझं मिक्सरचं भांडं त्याच्याकडे तीन वर्षं होतं.

तर एके दिवशी तो आपल्या वडिलांचा फ्रिज बघायला गेला. वडील म्हणजे गिल्दो. वय वर्षं सत्त्याहत्तर. चार वर्षांचे असताना बोटीने फ्रिउलीहून इथे आले, आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक गोष्टीला नाक मुरडत आले. इथलं चीज पिठूळ, इथली थंडी लुटूपुटूची.

"मग कुठे ठरलं?" गिल्दोंनी फ्रिजमागे वाकलेल्या मुलाला विचारलं.

"अजून बघतोय, पपा."

"बघायचं काय त्यात? फ्रिउली आपलं आहे. तू माझ्या आईच्या मुलखात जाणार की त्या तुझ्या सासूच्या मिरच्यांच्या देशात?"

फाबियानने एक घट्ट बसलेला स्क्रू पुन्हा पिळला. "फ्रिउलीच ठरल्यासारखं आहे," तो म्हणाला. "पण एवढ्यात कुणाला सांगू नका."

दोन दिवसांनी सासूबाईंचा नंबर लागला. नेली. रोमिनाची आई. ती जन्मली इथेच, पण तिची आई कलाब्रियाची, त्यामुळे न पाहिलेल्या गावाचा अभिमान तिच्यात ठासून भरलेला होता. तिने जावयासमोर वांग्याचं लोणचं ठेवलं आणि विचारलं, "जावईबापू, खरं सांगा. माझ्या नातवंडांना त्या धुक्यात नेऊन बसवणार आहात का?"

तोंडात घास असताना माणूस काय बोलणार? "छे हो सासूबाई," फाबियान म्हणाला. "कलाब्रियाच. पण रोमिनाला सांगू नका, ती स्वतः तुम्हाला सांगणार आहे."

आमच्या गल्लीत गुपित पाळायची एक रीत आहे. ते फक्त विश्वासातल्या माणसांना सांगायचं. गिल्दोंचा विश्वास फ्रिउलीवाल्यांच्या क्लबातल्या चाळीस जणांवर होता. तिथल्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी लोकर आणली आणि नातवंडांसाठी स्वेटर विणायला घेतले. नेलीचा विश्वास कलाब्रियातल्या चुलत बहिणीवर होता. कोन्चेत्ता तिचं नाव. तिने वरच्या खोलीला रंग दिला, दोन लहान पलंग मागवले आणि पाद्रीबुवांना कळवलं. पाद्रीबुवांनी गावातल्या बँडवाल्यांना कळवलं.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण नोनो आणि नोना, म्हणजे आजोबा आणि आजी, दोघांनाही वाटलं, पोरांची तयारी करून घ्यायला हवी. गिल्दो रोज दुपारी नातवंडांना बागेत न्यायचे आणि ऑगस्टच्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्याच्या, गार वाऱ्यात त्यांचे कोट काढून ठेवायचे. "फ्रिउलीची थंडी सोसायची सवय हवी," म्हणायचे. संध्याकाळी पोरं नेलीकडे जायची. ती पावाला लाल मिरचीची चटणी लावायची. "आपल्या गावातली पोरं हे दूध पितात तसं खातात," म्हणायची.

आठवड्याभराने बाउतिस्ताच्या नाकातून पाणी आणि डोळ्यांतून पाणी, दोन्ही एकदम वाहायला लागलं. रोमिना नर्स. तिने ताप बघितला, घसा बघितला आणि म्हणाली, "सर्दी समजली. पण ओठ का सुजलेत?"

"नोनाने मिरची दिली," ओफेलिया म्हणाली. "कलाब्रियासाठी. आणि नोनोने कोट काढला. फ्रिउलीसाठी. आई, आपण दोन्हीकडे जाणार आहोत का?"

रोमिनाने थर्मामीटर झटकला आणि नवऱ्याला हाक मारली. ती हाक आम्ही भिंतीपलीकडे ऐकली.

"तू पपांना काय सांगितलंस?"

"मी असं ठाम काही..."

"आणि आईला?"

फाबियान बाउतिस्ताचं नाक पुसायला लागला.

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"गुरुवारी," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते सवयीने गेलं, पण त्या रात्री तो सोफ्यावर झोपला.

आता एकाचं मन राखायचं तर दुसऱ्याचं मोडत होतं. रोमिनाला दोघांशीही भांडायचं नव्हतं. व्याही आणि विहीण पंधरा वर्षं एकमेकांशी शिष्टाचारापुरतं बोलत होते, त्यातही अर्ध्याहून जास्त टोमणे. तिने ठरवलं, एकोणतीस तारखेला निकाल लावायचा.

एकोणतीस तारखेला आमच्याकडे घरोघरी न्योकी होतात. उकडलेला बटाटा आणि मैदा मळून केलेले छोटे गोळे, वर टोमॅटोचा रस्सा. जेवताना प्रत्येकाने आपल्या ताटाखाली एक नोट ठेवायची, महिना भरभराटीचा जातो. माझी आईही ठेवायची. भरभराट काही झाली नाही, पण ताट उचलून खालची नोट बघायची ती लहानपणीची गंमत अजून माझ्या बोटांत आहे.

"या वेळी नोट नाही," रोमिना म्हणाली. "प्रत्येकाने एका प्रांताचं नाव लिहून चिठ्ठी ताटाखाली ठेवायची. जेवण झाल्यावर उघडायची. जे नाव जास्त निघेल त्यावर कुणी रुसायचं नाही."

"मलाही चिठ्ठी हवी," ओफेलिया म्हणाली. मग बाउतिस्तालाही हवी झाली.

न्योकी नेलीने केल्या होत्या. दर महिन्याला त्याच करायच्या आणि दर महिन्याला गिल्दो काट्याने एक दाबून बघायचे.

"विहीणबाई, आज जरा दगडासारख्या झाल्यात."

"दात तुमचे, व्याहीबुवा. न्योकींना नावं ठेवू नका."

एरवी एवढ्यावर अर्धा तास चालायचं. त्या दिवशी मात्र दोघंही लगेच खाली बघून जेवायला लागले. गिल्दोंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, हे पंधरा वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. नेलीने वर एक डाव जास्त वाढला.

जेवण झालं. रोमिनाने ताटं उचलायला सुरुवात केली. बाउतिस्ताची चिठ्ठी त्याच्या ताटाखाली नव्हती, ती रश्श्याबरोबर पोटात गेली होती. ओफेलियाच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "कुत्रा." जिथे कुत्रा पाळता येईल तिथे जायचं, असं तिचं म्हणणं होतं. फाबियानने आपलं ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. रोमिनाने ते ओढून घेतलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "गुरुवारी सांगतो."

रोमिनाने ती चिठ्ठी बाजूला ठेवली. तिने आईचं ताट उचललं, चिठ्ठी उघडली आणि परत एकदा वाचली. "फ्रिउली?"

गिल्दोंनी झटकन मान वर केली. "विहीणबाईंनी फ्रिउली लिहिलं?"

"आणि पपा, तुम्ही..." रोमिनाने सासऱ्यांची चिठ्ठी सगळ्यांसमोर धरली. "कलाब्रिया."

रोमिनाने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग नेलीच म्हणाली, "व्याहीबुवा, तुम्ही का हो लिहिलंत असं?"

"आधी तुम्ही सांगा."

"मी सांगते की," नेली म्हणाली. तिने रुमालाने टेबलावरचा एक डाग पुसला, तो तिथे नव्हताच. "आधी माझाही कलाब्रियाचाच हट्ट होता, पण तिथे माझी माणसं आहेत. कोन्चेत्ता आहे, तिची पोरं आहेत. ती यांना हातावर झेलतील. पोरं तिथे रमतील. रमली की परत कशाला येतील? फ्रिउलीत कोण आहे? धुकं आहे. मला वाटलं, एक हिवाळा काढतील आणि सामान बांधून घरी येतील."

"मग कळलं तुम्हाला," गिल्दो म्हणाले. "मीही तेच केलं. कलाब्रियाचं ऊन माझ्या फाबियानला सोसायचं नाही. तुमच्या नातलगांचा गोतावळा तर त्याहून नाही. पंधरा दिवसांत पळून आला असता."

"मग पोरांना तुम्ही थंडीची सवय लावत होतात ती?" नेलीने विचारलं.

"ती आधीची गोष्ट. आधी मलाही वाटायचं, तिकडेच जावं सगळ्यांनी. मग त्या दिवशी बागेत ओफेलियाचा कोट काढला तर ती म्हणाली, नोनो, तू आमच्याबरोबर येऊन मला कोट घालशील ना?" ते थांबले. "फ्रिउलीचं मला काय आठवतं, माहीत आहे? तुम्हाला सगळ्यांना मी बर्फ सांगतो, चीज सांगतो, ते आईकडून ऐकलेलं. मला एक दार आठवतं. त्याला निळी कडी होती. दारात माझी नोना उभी होती. बाबा तिला म्हणाले, दोन वर्षांत परत येतो. ती आत गेली आणि तिने कडी लावली. बस, एवढंच आठवतं. परत कुणी गेलं नाही."

नेलीने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. ते पाणी प्यायले. फाबियान रडत होता आणि डोळे पुसायला त्याने घेतलेला रुमाल सासूबाईंचा होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मी मार्के लिहिलंय," रोमिना हळूच म्हणाली. "शाळा दवाखान्याशेजारी आहे, मुलांचा डॉक्टर तिथेच आहे. आणि आपलं तिथे कुणीच नाही. कुणाचं जिंकणं नाही, कुणाचं हरणं नाही."

"मार्के?" व्याही आणि विहीण एकाच वेळी म्हणाले. "तिथे कोण जातं?"

पंधरा वर्षांत प्रथमच त्यांचं एकमत झालं होतं, पण त्याचा उपयोग नव्हता. पत्राचं उत्तर रोमिनाने द्यायचं होतं, आणि तीस तारखेला सकाळी तिने ते मार्केला देऊन टाकलं.

पुढचं निस्तरणं फाबियानच्या वाट्याला आलं. कोन्चेत्ताला फोन करून त्याने तासभर शिव्या खाल्ल्या. बँडवाल्यांनी म्हणे नवीन गत बसवली होती. क्लबातल्या बायकांनी मात्र स्वेटर देऊनच टाकले, सात झाले होते. डिसेंबरात सगळी मंडळी निघाली. निघताना त्याने माझं मिक्सरचं भांडं आणून दिलं, दुरुस्त करून. मला ते हातात धरून रडू आलं, याचं मलाच नवल वाटलं. गिल्दो आणि नेली फाटकाशी उभे होते. गाडी वळेपर्यंत गिल्दो आत गेले नाहीत. फाटकाची कडीही त्यांनी लावली नाही, ती रात्रभर तशीच उघडी राहिली.

जानेवारीच्या एकोणतीस तारखेला मी नेलीकडे थोडं मीठ मागायला गेले. उकाड्यात पंखा गरगरत होता आणि टेबलावर दोनच ताटं होती, समोरासमोर. मधे तिखट चटणीच्या बाटलीला फोन टेकवून ठेवला होता. पडद्यावर ओफेलिया आणि बाउतिस्ता, दोघंही क्लबाच्या स्वेटरमध्ये.

"नोना, इथे सकाळी धुकं असतं," ओफेलिया सांगत होती. "आणि शेजारची आजी पावावर मिरची लावते. बाउतिस्ता दोन खातो. शाळेत आम्हाला सगळे आर्जेन्टिनावाले म्हणतात."

"आम्हाला इथे जन्मभर इटलीवाले म्हणाले," गिल्दो म्हणाले. "होईल सवय."

"आणि नोनो, आम्हाला कुत्रा मिळाला."

नेलीने खाली बघितलं. कुत्रा आला म्हणजे आता परत येत नाहीत, हे तिला कळलं होतं. मलाही कळलं. मी मीठ राहू दे म्हणून निघणार होते, तेवढ्यात तिने गिल्दोंच्या पुढचं ताट उचललं आणि ताटाखाली चिठ्ठी निघाली.

"हे काय, व्याहीबुवा?"

"काही नाही. सवयीने ठेवली. तुमचं ताट उचला."

नेलीच्या ताटाखालीही चिठ्ठी होती. तिने दोन्ही उघडून पुढे ठेवल्या. दोन्हींवर लिहिलं होतं, "मार्के."

"मी तुमच्यासाठी लिहिलं," नेली घाईने म्हणाली. "एकटे कुठे जाल विमानाने? दाराची कडी लावायची आठवण राहत नाही तुम्हाला."

"मीही तुमच्यासाठीच लिहिलं," गिल्दो म्हणाले. "तुमच्या या न्योकी इथे माझ्याशिवाय कोण खाणार?"

पडद्यावर आता फाबियान आला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. "पपा, कधी येताय?" त्याने विचारलं.

गिल्दोंनी मिशीवरून हात फिरवला. "गुरुवारी," ते म्हणाले.

फोनच्या त्या बाजूला फाबियानचा चेहरा एकदम उतरला. त्या घरात गुरुवार म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रोमिनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गिल्दो उठले आणि कपाटातून पाकीट आणून त्यातली दोन तिकिटं फोनपुढे धरली. आठवड्यापूर्वीच काढली होती. त्यांची चिठ्ठी नुसती विहीणबाईंचा अंदाज घ्यायला होती. तिकिटांवर फेब्रुवारीची तारीख होती, आणि मी जवळ जाऊन चष्म्यातून नीट बघितलं, त्या दिवशी खरोखरच गुरुवार होता.