नगू म्हणजे नगं न्हवं

परशांतनं रामनगरात स्टुडिओ टाकल्याला दोन वर्सं झाली, पर त्यात आजवर हसल्यालं माणूस बसलंच न्हाई. सगळं आधार कार्डाचं न्हाईतर पासपोर्ट साइजचं गिऱ्हाईक. म्हणून कापडवाले विठ्ठलअण्णा म्हणाले, "उळवीच्या जत्रेआधी बॅनर लावायचाय. जीन्स, शर्ट, जाकीट. बेळगावची मॉडेल आणूया," तवा ह्याच्या अंगात आलं.

"मॉडेल कशाला? माझ्या घरातच हाय की!"

(घरात तीन म्हयन्यांमागं लगीन करून आणल्याली बायको हुती. ती मॉडेल हाय का न्हाई, हे त्यानं तिलाबी इचारलं न्हवतं.)

अण्णांनी अट घातली. चार वाजता फोटो बघणार. पसंत पडलं तर दुकानाचं वरीसभराचं काम परशांतला, न्हाईतर बेळगावच्या फोटोग्राफरला.

रूपाली भुदरगडची. फोटो म्हटल्यावर खूश. जीन्स, पांढरा शर्ट, वर जाकीट, केस मोकळं, स्टुलावर एक पाय सोडून अशी काय बसली, की परशांत लेन्सचं टोपण काढायचंच इसरला. आणि वर "लाईट गेली, लाईट गेली" म्हणून वरडला.

आता गंमत बघा. हा गडी धंदा शिकला हुबळीत, एका कानडी उस्तादाकडं. एरवी मराठी बोलतो, पर कॅमेरा डोळ्याला लागला की तोंडातनं कानडीच पडतं, आणि त्याचा त्यालाच पत्ता नसतो. कानडीत 'हास' म्हणायला म्हणत्यात नगू. आणि भुदरगडात नको म्हणायला म्हणत्यात नगं.

रूपाली झकास हसली.

"नगू!"

तिनं हसू आवरलं.

"अगं नगू की!"

तिनं मान खाली घातली. "नगं तर बोलिवलासा कशाला?"

"हल्लू! हल्लू!" (हल्लू म्हणजे दात. दात दिसू दे म्हणत हुता बिचारा.)

ती हळू वळली.

"हल्लू!"

आणखी हळू. जत्रेतला रथबी तिच्यापरीस लौकर वळला असता.

"नगू, नगू, नगू!" परशांत गुडघ्यावर बसून वरडला, आणि फोटोवर फोटो काढत ऱ्हायला.

रूपाली स्टुलावरनं उतरली. "कळलं. सारखं सारखं कशाला सांगतायसा? मी चालले म्हायेरी. चारची बेळगावची बस हाय."

"अगं, मी काय केलं?"

"तोंडावर नगं नगं म्हणालासा!"

"मी? कवा?"

"आणि वर इचारतायसा!"

ती बॅग भरून भायेर आली आणि दारात अण्णा हजर. त्यांनी गपचीप कॅमेरा घेतला. एका फोटोत रूपालीच्या भुवया वर चढल्याल्या, दुसऱ्यात नाकपुड्या फुगल्याल्या. शेवटच्यात तर जाकिटाची कॉलर अशी आवळून धरल्याली, जसा आत परशांतचाच गळा हाय.

परशांतनं भिंत धरली. काम गेलं खड्ड्यात, बस तेवढी पंक्चर हू दे, म्हणून त्यो देवाला इनवाया लागला.

"आरं, ही तर शहरातल्या मॉडेलीवाणी दिसतीया!" अण्णा म्हणाले. "त्या कुठं हासत्यात? कायम आपण त्यांच्या पायावर पाय दिल्यागत बघत्यात. वरीसभराचं काम तुझं! पर येवढा राग आणलास कसा?"

"मला नगू नगू म्हणालं, अण्णा," रूपालीनं डोळं पुसलं. "आणि वर हळू म्हणं."

अण्णा स्टुलावर बसून पोट धरून हसाया लागले. "आगं पोरी, हास म्हणत हुता त्यो! दात दाव म्हणत हुता! कानडी हाय ते!"

रूपालीनं परशांतकडं बघितलं आणि अशी खदखदली की हातातली बॅग खाली पडली. भायेर बस हॉर्न वाजवून निघून गेली. परशांत तिथंच फतकल मारून बसला, घामानं केस चिकटल्यालं, तोंड उघडंच.

"हालू नगंसा!" म्हणत रूपालीनं कॅमेरा उचलला आणि दाबलं बटण.

चार दिसांनी चौकात बॅनर लागला. एका बाजूला नाक फुगवल्याली रूपाली, वर लिव्हलंय, 'नवा स्टॉक.' दुसऱ्या बाजूला फतकल मारल्याला परशांत. त्याच्या डोक्यावर लिव्हलंय, 'जुना स्टॉक, मिळेल त्या भावात.'